दुखणं दाखवायचं कसं?

परवा दुपारी भाचीचा फोन आला. एरवी ती रविवारी सकाळी करते, त्यामुळे भलत्या वेळी नाव दिसलं की आधी छातीत धस्स होतं. तसं काही नव्हतं. तिच्या दाव्याची तारीख होती, कोर्टातून बाहेर पडून रिक्षात बसल्या बसल्या तिनं मला लावला होता.

घरच्यांना ठाऊकच आहे, बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी सिग्नलला तिची गाडी उभी असताना एका टेम्पोनं मागून ठोकलं. रक्त नाही, हाड मोडलं नाही. गाडीचा मागचा भाग तेवढा चेपला. दोन दिवसांनी मान धरली, ती आजतागायत सुटलेली नाही. डोकं दुखतं, हाताला मुंग्या येतात, कॉम्प्युटरसमोर अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. आणि तिचं काम सगळं कॉम्प्युटरवरच. बिनपगारी रजा झाल्या, हातचं मोठं काम दुसऱ्याकडे गेलं. एमआरआय काढला, तर त्यात विशेष काही नाही! परवा समोरच्या वकिलांनी एका लग्नातला फोटो पुढे केला आणि विचारलं, "यात तर तुम्ही छान हसताय, मग दुखतंय कुठे?"

"मावशी, हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली.

मी काय बोलणार? "घरी जा, चहा घे," एवढंच म्हटलं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आणि मग आठवलं की अगदी हेच गाऱ्हाणं दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हजारो माणसांनी कोर्टापुढे मांडलं होतं. निवृत्तीनंतर रेल्वेच्या इतिहासावर बरंच वाचत बसले होते, त्यात हे सापडलं होतं. आज तेच लिहिते.

शाळेत आम्ही रेल्वे शिकवायचो ती बोरीबंदर ते ठाणे. १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. मुलांना तोफा आवडायच्या. पण रेल्वेबरोबर माणसाच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट आली, ती आमच्या पुस्तकात नव्हती. ती म्हणजे रेल्वेचा अपघात. बैलगाडी उलटली तर गाडीवान ओळखीचा असायचा, फार तर भांडण व्हायचं. इथे मात्र एका वेळी शंभर माणसं एका कंपनीच्या हवाली, कंपनी श्रीमंत, आणि तिच्या चुकीनं दुखापत झाली तर भरपाई मागायची सोय.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात एक विचित्र गोष्ट होती. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानं जखमी झालेला माणूस दावा लावू शकत असे, पण तो मेलाच तर त्याचा हक्कही त्याच्याबरोबर संपायचा. बायकामुलांना काही नाही! रेल्वेचे अपघात वाढले आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या प्रयत्नानं तिथे कायदा झाला, की मृताच्या कुटुंबालाही भरपाई मागता येईल. आपल्याकडे त्याच धर्तीवर १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा आला. म्हणजे ठाण्याला गाडी पोचून दोनच वर्षं झाली होती.

मृत्यू सिद्ध करायला अडचण नसते. तुटलेला पायही दिसतो. प्रश्न उरला तिसऱ्या प्रकारच्या माणसांचा. गाडी घसरली, हा गृहस्थ डब्यातून आपल्या पायांनी बाहेर आला, इतरांना मदतसुद्धा केली, घरी जाऊन जेवला. दोनचार दिवसांनी पाठ दुखायला लागली. झोप उडाली, हात थरथरायला लागले, हिशेब जमेना, लहानशा आवाजानं दचकायला व्हायला लागलं. महिने गेले तरी बरं नाही. डॉक्टर तपासतात तर अंगावर खूण नाही. याचं काय करायचं?

अशा माणसाचं उदाहरण म्हणून चार्ल्स डिकन्सचं नाव घेता येईल. ९ जून १८६५ रोजी तो फोकस्टनहून लंडनला येत होता. केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ एका छोट्या पुलावर दुरुस्ती चालली होती, रूळ काढून ठेवले होते. मुकादमानं वेळापत्रक चुकीचं वाचलं, आणि लाल निशाण घेऊन उभा केलेला माणूस पाहिजे त्याच्या जवळपास निम्म्याच अंतरावर होता. डबे नदीच्या पात्रात कोसळले. दहा माणसं गेली. डिकन्सचा डबा पुलावर तिरका लटकून राहिला. तो बाहेर पडला, टोपीत पाणी आणून जखमींना पाजलं, ब्रँडी दिली, मग पुन्हा डब्यात चढून आपल्या कादंबरीचं हस्तलिखित काढून आणलं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्यानंतर रेल्वेत बसलं की त्याला घाम फुटायचा, मधूनच भीतीचा झटका यायचा. तो वारला १८७० मध्ये, आणि तारीख होती ९ जूनच. डिकन्स दावा लावायला गेला नाही. पण समजा गेला असता, तर त्यानं न्यायाधीशांना काय दाखवलं असतं?

ज्यांनी दावे लावले त्यांच्या मदतीला एक डॉक्टर आले. जॉन एरिक एरिक्सन, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक. १८६६ मध्ये त्यांची सहा व्याख्यानं पुस्तकरूपानं निघाली. त्यांचं म्हणणं असं, की गाडीच्या धडकेनं पाठीच्या कण्याला असा हादरा बसतो की बाहेरून काही दिसलं नाही तरी आतल्या मज्जारज्जूचं काम बिघडतं. लोकांनी या दुखण्याला नावच दिलं, 'रेल्वे स्पाइन'. रेल्वेनं दिलेली पाठ म्हणा हवं तर.

एरिक्सन यांचे दृष्टांत मला शिक्षिका म्हणून फार आवडले. नालाच्या आकाराच्या लोहचुंबकावर हातोडा जोरात हाणला तर चुंबक दिसायला तसाच राहतो, पण त्याचं चुंबकत्व जातं. आमच्या प्रयोगशाळेत मुलं चुंबक पाडायची आणि विज्ञानाच्या सरांची बोलणी खायची, ती का हे तेव्हा नीट कळलं! दुसरा दृष्टांत घड्याळाचा. खिशातलं घड्याळ खाली पडलं आणि काच फुटली, तर बहुधा आतलं यंत्र वाचतं. काच शाबूत राहिली, तर हादरा आत जातो आणि घड्याळ बंद पडतं. म्हणून, ते म्हणत, ज्यांचं हाड मोडतं त्यांच्या मज्जातंतूंना असला धक्का कमी बसलेला दिसतो.

हे वाचून मला भाचीचं वाक्य आठवलं. हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. वैद्यकीयदृष्ट्या घड्याळाचा दृष्टांत आज कुणी मानणार नाही. पण कोर्टाच्या दृष्टीनं त्यात तथ्य होतंच, फुटलेली काच निदान दाखवता येते.

एरिक्सन यांचं पुस्तक वादींच्या वकिलांच्या हातात पडलं आणि रेल्वे कंपन्यांचं धाबं दणाणलं. ज्युरीत बसणारी माणसं साधी, त्यांना कंपनीपेक्षा प्रवाशाचीच कणव यायची. कंपन्यांनी मग आपले डॉक्टर पुढे केले. त्यातले सगळ्यात हुशार हर्बर्ट पेज. सेंट मेरीज हॉस्पिटलचे सर्जन, आणि लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बड्या रेल्वे कंपनीचेही वैद्यकीय सल्लागार. त्यांनी १८८३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि दोनशेहून जास्त रुग्णांची माहिती मांडली. निष्कर्ष असा, की यातल्या बहुतेकांच्या कण्याला काही झालेलं नाही. झालेली आहे ती जबर भीती. आणि दाव्याचा निकाल लागून पैसे मिळाले की पुष्कळांना उतार पडतो.

आता गंमत पाहा. पेज हे कंपनीचे माणूस, तेव्हा ते खोटंच बोलत असतील असं आपण धरून चालतो. पण कण्याला सूज आलेली नसते, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय ते सगळ्यांना ढोंगी म्हणत नव्हते. भीतीनंसुद्धा माणूस खराखुरा आजारी पडतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. उलट एरिक्सन रुग्णांच्या बाजूचे, पण त्यांचं शास्त्र चुकलेलं. इतिहास शिकवताना मुलं नेहमी विचारायची, "बाई, यात चांगला कोण आणि वाईट कोण?" इथे मला सांगता आलं नसतं.

पण कोर्टाला 'भीतीनं आजारी' हे पचेना. १८८६ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ एक जोडपं घोडागाडीतून रेल्वेचं फाटक ओलांडत होतं. फाटकवाल्यानं चुकून आत घेतलं आणि गाडी आली. ती अगदी जवळून निघून गेली, धक्का लागला नाही. बाई गरोदर होती, ती बेशुद्ध पडली, पुढे गर्भपात झाला. तिथल्या ज्युरीनं भरपाई दिली. पण १८८८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं ती रद्द केली. अंगाला धक्का लागला नाही, नुसत्या भयानं झालेलं नुकसान फार दूरचं, असं म्हणून. हीच प्रिव्ही कौन्सिल १९४९ पर्यंत आपल्याही देशाच्या न्यायालयांच्या डोक्यावर बसलेली होती. इंग्लंडच्या न्यायालयानं या बाबतीत वेगळी वाट धरली ती १९०१ मध्ये. तिथेही बाई गरोदरच होती, दारूच्या गुत्त्यात कामाला उभी असताना घोड्यांची गाडी आत घुसली होती.

मधल्या काळात एक नवा साक्षीदार कोर्टात आला होता. नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. त्याआधी दोनच महिने, सप्टेंबरात, इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एका नाट्यगृहात एक नटी पहिला अंक संपल्यावर कपडे बदलायला जाताना जिन्यावरून पडली. महिनाभर अंथरुणाला खिळली, तरी पाय ठीक होईना. तिच्या डॉक्टरांनी तिला लंडनला पाठवून दोन्ही पायांचे क्ष-किरण फोटो काढायला लावले. १८९६ मध्ये ते कोर्टात दाखवले गेले. उजवा पाय आणि डावा पाय शेजारी शेजारी. डाव्या पायातलं एक हाड सरकलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुखापतीवर वादच संपला. नाट्यगृहाच्या बाजूला म्हणायला एवढंच उरलं, की बाईंनीच बेफिकिरी केली.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत डेन्व्हरच्या न्यायाधीशांनी वकिलांचा विरोध डावलून क्ष-किरण फोटो पुरावा म्हणून घेतला. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो पुरावा कसा, असा आक्षेप होता. पुढे पाहता पाहता बाजू उलटली. फोटोत दिसतं ते खरं, आणि दिसत नाही ते? ते संशयास्पद! म्हणजे एका बाईला न्याय देणारं यंत्र दुसरीच्या वाटेत आडवं आलं.

जर्मनीत तर हा प्रश्न थेट सरकारच्या तिजोरीपर्यंत पोचला. १८८४ मध्ये बिस्मार्कच्या राज्यात कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा झाला. १८८९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर हेर्मान ओपेनहाइम यांनी अपघातानंतरच्या मज्जाविकारांवर पुस्तक लिहिलं आणि असे आजार भरपाईला पात्र ठरू लागले. लगेच दुसऱ्या डॉक्टरांनी ओरड सुरू केली, की हा आजार अपघाताचा नाही, पेन्शनच्या आशेचा आहे. १९२६ मध्ये तिथल्या विमा कार्यालयानं अशी भरपाई देणंच नाकारलं.

'पैसे मिळाले की बरे होतात' हे वाक्य मात्र मोठं चिवट निघालं. १९६१ मध्ये न्यूकॅसलचे डॉक्टर हेन्री मिलर यांनी ते पुन्हा मोठ्या झोकात मांडलं, आणि कितीतरी वर्षं वकील त्यांचा दाखला देत राहिले. पुढे १९८० नंतर इतर डॉक्टरांनी निकाल लागलेल्या माणसांना परत गाठून विचारपूस केली, तर पुष्कळजण पैसे मिळूनही बरे झालेले नव्हते. स्कॉटलंडचे डॉक्टर गॉर्डन वॅडेल यांची गोष्ट तर आणखी बोलकी. पाठदुखीत मनाचा भाग किती हे ओळखायला त्यांनी १९८० मध्ये काही साध्या खुणा सांगितल्या, रुग्णाला नीट उपचार मिळावेत म्हणून. वकिलांनी त्या ढोंग पकडायला वापरल्या. शेवटी त्यांना स्वतःलाच लिहावं लागलं, की बाबांनो, हे खोटं पकडायचं यंत्र नव्हे.

आता आपल्याकडे येते. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला (आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे). त्याला एक परिशिष्ट होतं, शरीराचा दरपत्रकच म्हणा. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२. एक डोळा ४०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. पण नीट विचार केल्यावर वाटलं, की गरीब माणसाच्या दृष्टीनं ही सोय होती. बोट नाही हे दाखवलं की झालं, हादऱ्याबिदऱ्याची चर्चा नको.

पण दरपत्रकाला माणूस कळत नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, परिशिष्टाप्रमाणे टक्के धरा. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एका हातानं सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसाची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. किती साधी गोष्ट! पटाशी एका हातात आणि हातोडा दुसऱ्या, हे कुठल्याही सुताराच्या पोरानं सांगितलं असतं. पण तेवढं कळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

मोटार अपघातांसाठी १९५६ च्या दुरुस्तीनं वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली, आणि सध्या दावे चालतात ते १९८८ च्या कायद्याखाली. त्यात २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वकीलमंडळी हमखास सांगतात. डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यात उलगडून सांगितलंय. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ सगळंच गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. म्हणून आधी बघायचं, की हा माणूस अपघातापूर्वी काय करत होता, आता काय करू शकतो, काय नाही. शिवाय ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची, नुसतं मागाहून मिळवलेलं सर्टिफिकेट पुरत नाही. हे वाचल्यावर मला जरा हायसं वाटलं. दुखणं दिसलं नाही तरी दुखण्यानं काय काय बंद पडलं ते दिसतं, त्याची नोंद असते.

हे सगळं मी भाचीला रविवारी फोनवर सांगितलं. तिच्या वकीलबाईही तेच म्हणाल्या होत्या. फिजिओथेरपीचे कागद, रजेचा हिशेब, कामाच्या ठिकाणचं पत्र. शिवाय रोज एका वहीत दोन ओळी लिहायच्या. किती वेळ बसवलं, रात्री किती वेळा जाग आली, काय करायचं राहिलं.

इथे थांबले असते, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझ्या मुलांनासुद्धा मी ती कधी सांगितलेली नाही.

१९८४ च्या सुमाराची गोष्ट असेल. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात बेताची, कारणं सांगण्यात पटाईत. एके दिवशी म्हणाली, "बाई, हात दुखतोय, लिहिता येत नाही." पायऱ्यांवरून पडले म्हणाली. मी हात पाहिला. सूज नाही, खरचटलेलं नाही. "नाटकं पुरेत," म्हणाले, आणि निबंध पुरा करायला लावला. तिनं केला. अक्षर वाकडंतिकडं आलं म्हणून वर आणखी बोलले. चार दिवसांनी तिची आई आली, मुलीच्या हाताला प्लॅस्टर. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. आई भांडायला आलीच नव्हती. "बाई, महिनाभर लिहिता येणार नाही, तेवढं सांभाळून घ्या," म्हणाली. बरोबर एक्स-रे आणला होता, माझी खात्री पटावी म्हणून! खिडकीच्या उजेडात धरून मी तो पाहिला आणि ती बारीक रेघ दिसली.

मी त्या मुलीची माफी मागितली, वर्गासमोर मागितली. त्या वेळी वाटलं, झालं, मिटलं. पण हे सगळं वाचताना एक प्रश्न मनात आला, तो काही सुटत नाही. एक्स-रेत रेघ नसती तर? मला पटलं ते त्या रेघेमुळे, मुलीमुळे नाही. बत्तीस वर्षांत "बाई, पोटात दुखतंय", "बाई, डोकं दुखतंय" म्हणणारी किती मुलं माझ्यासमोर उभी राहिली. त्यातली कितीतरी खोटं बोलत असणार, हेही खरंच. पण ज्यांच्याकडे रेघ नव्हती आणि तरी दुखत होतं, ती कोण होती हे आता कसं कळणार?

असो. भाचीची पुढची तारीख आता दीड महिन्यानं आहे. वही तिनं सुरू केली आहे. काल म्हणाली, "मावशी, पहिल्याच दिवशी अर्धं पान भरलं, आणि मग मान दुखली म्हणून थांबले." मी म्हटलं, "तेही लिही."